आत्म्याला हाडं कुणी जोडली?

जीव वेगळा आणि शरीर वेगळं, हे आपल्या समाजात कुणाला नव्यानं शिकवावं लागत नाही. पाठशाळेतलं पाच वर्षांचं पोरही घडाघडा सांगतं : जाणतो, पाहतो तो जीव, रंग, रस, गंध, स्पर्श ज्याला आहे ते पुद्गल. पाटी पुद्गल, पेन्सिल पुद्गल, हातसुद्धा पुद्गल. "मग तू कोण रे?" विचारलं की छातीवर हात ठेवून "मी जीव" म्हणतं. या लेखात मला काही नवं तत्त्वज्ञान मांडायचं नाही. हा पहिलीतला धडा मोठ्यांनीही पाळावा, एवढंच माझं भांडण आहे.

हल्ली या धड्याला विज्ञानाची फोडणी मिळू लागली आहे. आमच्या जोयडा तालुक्यात आपली घरं थोडी. रामनगर, जगलबेट, कॅसलरॉक असं विखुरलेलं सगळं. दशलक्षणात बाहेरून कुणी पंडितजी आले की कुणाच्या तरी पडवीत सतरंज्या पडतात आणि चाळीसएक माणसं जमतात, त्यातल्या पंचवीस-तीस बायाच. अलीकडे दोन-तीन वर्षं त्या पडवीत डेव्हिड चामर्स हे नाव ऐकू येतं. ऑस्ट्रेलियात जन्मलेला हा तत्त्वज्ञ. १९९५ साली त्यानं एक साधी गोष्ट नीट मांडून दाखवली. मेंदू रंग कसे ओळखतो, आठवण कशी साठवतो, हात कसा हलवतो हे प्रश्न अवघड असले तरी सुटण्यासारखे आहेत. पण हे सगळं चाललेलं असताना आत कुणाला तरी काही जाणवतं, ते का, हा खरा कठीण प्रश्न. मिरची झोंबली की जिभेवरून मेंदूकडे निरोप जातो, डोळ्यांत पाणी येतं, हे सगळं यंत्रावर दाखवता येईल. पण ते झोंबणं? ते यंत्राच्या पडद्यावर नसतं, ज्याला झोंबलं त्यालाच ते ठाऊक.

याच चामर्सशी क्रिस्टोफ कोख या मेंदूशास्त्रज्ञानं १९९८ साली पैज लावली होती. पंचवीस वर्षांत जाणिवेची स्पष्ट खूण मेंदूत सापडेल, असं कोखचं म्हणणं. २०२३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला त्यानं ती पैज हरल्याचं जाहीरपणे मान्य केलं आणि कबूल केल्याप्रमाणे चामर्सला वाइन दिली. आपले वक्ते वाइनचा भाग गाळतात, ते ठीकच. "बघा, विज्ञान शेवटी आपल्या दारात आलं," असं ते म्हणतात आणि टाळ्या पडतात.

टाळ्या वाजवण्याआधी एक लक्षात ठेवू. कोख हरला तो मुदतीच्या पैजेत. त्यानं शोध सोडलेला नाही, आणि चामर्सला आपला जीव, आपलं कर्म मान्य आहे असंही नाही. शेजाऱ्याचं घर अर्धवट राहिलं म्हणून आपलं बांधून होत नसतं. तरी पैजेतून एवढं खरंच कळतं की जाणणाऱ्याला जाणलेल्या वस्तूंच्या यादीत बसवणं सोपं नाही. ते आपण मानतोच. आता आपण ते खरोखर मानतो का, हे तपासू.

चामर्सच्या मागोमाग पडवीत हमखास येते ती एकवीस ग्रॅमची गोष्ट. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हेवरहिल गावच्या डंकन मॅकडूगल या डॉक्टरनं मरणासन्न रुग्णांना खाटेसकट तराजूवर ठेवलं आणि १९०७ साली निष्कर्ष छापले. रुग्ण होते सहा. त्यातल्या दोघांच्या नोंदी त्यानं स्वतःच बाद ठरवल्या. एकाचं वजन मरणसमयी पाऊण औंस, म्हणजे सुमारे एकवीस ग्रॅम, कमी झालं. बाकीच्यांचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत. शास्त्रज्ञांनी हा प्रयोग तेव्हाच मोडीत काढला. पण आपल्याकडे "आत्म्याचं वजन एकवीस ग्रॅम" हे अजून श्रद्धेनं सांगितलं जातं, आणि सांगणाऱ्याच्या लक्षात येत नाही की आपल्याच शास्त्रात जीव अमूर्त आहे. त्याला वजन नाही, रंग नाही, स्पर्श नाही. ज्याला वजन आहे ते पुद्गल. एकवीस ग्रॅम निघाले असते तर आत्मा सिद्ध झाला नसता, आत्मा पुद्गल ठरला असता. राजा पएसीची कथा श्वेतांबर आगमात आहे. त्यानं चोराला जिवंतपणी तोललं, मारून तोललं, वजनात फरक पडला नाही, म्हणून आत्मा नाही असं ठरवलं. केशी मुनींनी त्याला समजावलं की तराजूवर चढत नाही म्हणून ते नाहीच असं होत नाही. म्हणजे जी चूक आपल्या परंपरेनं इतक्या जुन्या काळी दाखवून दिली, तीच आज आपण टाळ्या वाजवून मिरवतो.

पण एकवीस ग्रॅमची चूक भाबडी आहे, तिनं कुणाचं बिघडत नाही. दुसरी चूक मात्र आपल्या बायांच्या मुळावर बसलेली आहे. तीही अगदी हीच : जिवाला पुद्गलाच्या मापानं मोजणं.

अशाच एका प्रवचनानंतर एका अक्कांनी विचारलं, "पंडितजी, आत्मा शरीराहून वेगळा, त्याला ना स्त्रीपण ना पुरुषपण, मग बाईच्या देहातून मोक्ष का नाही?" पंडितजी क्षणभरही थांबले नाहीत. म्हणाले, "स्त्रीला ते संहनन नसतं, ताई." संहनन म्हणजे हाडांची बांधणी. तासभर आत्मा शरीरापलीकडचा आहे हे सांगणाऱ्या माणसानं बाईचा प्रश्न आला तेव्हा हाडं काढली. माझा राग त्या एका पंडितजींवर नाही. ते आपल्या परंपरेतलं उत्तर प्रामाणिकपणे देत होते. म्हणून त्या उत्तराशीच बोलायला हवं.

मराठीत 'स्त्रीमुक्ती' म्हटलं की १९७५ नंतरचे मोर्चे आठवतात. आपल्या शास्त्रात हा शब्द हजार-बाराशे वर्षांपासून वादाचा आहे, आणि त्याचा अर्थ शब्दशः आहे : स्त्रीच्या देहातून मुक्ती होते की नाही. श्वेतांबर म्हणतात, होते. एकोणिसावे तीर्थंकर मल्ली त्यांच्या मते स्त्रीच होत्या. आपण दिगंबर म्हणतो, होत नाही. आपली कारणं नीट मांडते, कारण समोरच्याची बाजू लंगडी करून वाद जिंकण्यात अर्थ नाही. एक, मोक्षासाठी वज्रवृषभनाराच संहनन, म्हणजे वज्रासारखी हाडं आणि सांधे लागतात. कर्मभूमीच्या स्त्रीला शेवटची तीनच संहननं असतात, असं 'गोम्मटसारा'त नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती सांगतात. दोन, स्त्रीला वस्त्र सोडता येत नाही, म्हणून परिग्रह सुटत नाही. तीन, स्त्रीच्या देहात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते, म्हणून अहिंसा पूर्ण पाळली जात नाही. चार, स्त्री सातव्या नरकात जाऊ शकत नाही. जिच्यात टोकाचं पाप करण्याचं बळ नाही, तिच्यात टोकाचा पुरुषार्थ करण्याचंही नाही.

हाडांपासून सुरुवात करते. आपलंच शास्त्र सांगतं की या पंचम काळात पुरुषांनाही शेवटची तीनच संहननं उरली आहेत. म्हणजे आज हाडांच्या हिशेबात बुवा आणि बाई एकाच रांगेत उभे आहेत. तरी त्याला दीक्षा दिली तर ती महाव्रतं, आणि तिला दिली तर 'उपचारानं' महाव्रतं. म्हणायला महाव्रतं, हिशेबात नाहीत. आर्यिका मातांनी कितीही वर्षं तप केलं तरी मुनींना वंदन करायचं ते पाच, सहा, सात हात अंतर राखून. हाडं जर कारण असतील तर आज हा फरक उरायला नको होता. तो उरला, याचा अर्थ हाडं हे कारण नाही, सबब आहे.

आता वस्त्र. दिगंबरत्वाचा मी अनादर करत नाही. ऊन-पाऊस, हसू-टवाळी सगळं अंगावर घेत चालणाऱ्या मुनींपुढे माझं डोकं आपोआप झुकतं. पण परिग्रह कशाला म्हणायचं, हे 'तत्त्वार्थसूत्रा'नं सांगून ठेवलं आहे : ममत्वाला, मूर्च्छेला. ममत्व मनात असतं, सुताच्या धाग्यात नसतं. बाई वस्त्र का सोडू शकत नाही, याचं उत्तर कुणी तिच्या आत्म्यात शोधत नाही. ती सोडेल तर रस्त्यावरचे डोळे आणि हात तिला जगू देणार नाहीत, हेच उत्तर सगळे देतात. म्हणजे दोष बघणाऱ्याच्या नजरेत, आणि तो मांडायचा बाईच्या आत्म्याच्या खात्यावर? अशी वही कुठल्याही दुकानात चालणार नाही. आमच्या तालुक्यात उळवीला चन्नबसवण्णांची समाधी आहे. माघात बेळगाव-धारवाडकडून बैलगाड्यांच्या रांगा तिकडे जातात. त्या शरणांच्या परंपरेत अक्कमहादेवी झाली. केसांशिवाय दुसरं वस्त्र तिला नव्हतं, असं लोक मानतात, आणि तिला अक्का म्हणून हात जोडतात. बाराव्या शतकातल्या आपल्या शेजाऱ्यांना जे सुचलं, ते आपल्याला का सुचू नये?

सूक्ष्म जीवांचं म्हणाल तर देह अशुचि आहे, ही भावना बारा भावनांत सर्वांच्या देहाबद्दल सांगितली आहे. पुरुषाचा देह काही कापूर-चंदनाचा नाही. आणि सातव्या नरकाचा मुद्दा तर नवव्या शतकातच निकालात निघाला आहे. तो काढला पाल्यकीर्ती शाकटायनांनी, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, 'स्त्रीनिर्वाण' या प्रकरणात. त्यांचा युक्तिवाद साधा : वेगवेगळे प्राणी वेगवेगळ्या नरकांपर्यंत खाली जाऊ शकतात, पण वर चढण्याची त्यांची मर्यादा तेवढी वेगवेगळी नाही. म्हणजे खाली किती पडता येतं यावरून वर किती चढता येतं हे ठरत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर, ज्या पोरीला चोरी करता येत नाही तिला अभ्यासही येणार नाही, असं म्हणण्यासारखं ते आहे.

हे शाकटायन कुठल्या परदेशातले नव्हते. ते यापनीय संघाचे. यापनीय मुनी आपल्या मुनींसारखे दिगंबर राहत, पण स्त्रीला मोक्ष आहे असं मानत. त्यांची भूमी आमच्याच अंगणात होती. जोयड्याची हद्द ओलांडली की खानापूर तालुका, त्यात हलशी, म्हणजे जुनी पलाशिका. पाचव्या शतकात कदंब राजा मृगेशवर्म्यानं तिथं जिनालय बांधलं आणि यापनीय, निर्ग्रंथ, कूर्चक अशा तिन्ही संघांना दान दिलं. ताम्रपटात तशी नोंद आहे. बेळगावच्या दोड्ड बस्तीतल्या नेमिनाथांच्या मूर्तीवरच्या लेखात यापनीय संघाचं नाव आहे. आपल्याच सदलग्याचे, कोल्हापूरला शिकवणारे डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी या संघावर मनापासून काम केलं. पुढे हा संघ आपल्यात विरून गेला. त्यांच्या मूर्ती आपण पूजतो, त्यांचा तो एक विचार मात्र गाळून टाकला. म्हणून कुणी म्हणालं, "हे तुमच्या शहरी शिकलेल्या बायांचं खूळ," तर त्याला हलशीचा रस्ता दाखवा.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. 'षट्खंडागम' हा आपला प्राचीन सिद्धांतग्रंथ. त्यात 'मनुष्यिणी' म्हणजे मानवी स्त्रीला वरची गुणस्थानं सांगितली आहेत. अमरावतीला प्राध्यापक असलेल्या डॉ. हीरालाल जैन यांनी १९३९ पासून तो धवला टीकेसह छापायला घेतला. पहिल्याच भागात ९३ व्या सूत्रात हातातल्या प्रतीत 'संजद' हा शब्द नव्हता. संजद म्हणजे संयत, पूर्ण संयम असलेली. संदर्भ पाहता तो असायला हवा, असं संपादकांनी सुचवलं, आणि पंडितांमध्ये वादळ उठलं. एका शब्दासाठी एवढं का? कारण तो शब्द बाईच्या बाजूचा होता. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी ताडून पाहिलं तेव्हा शब्द तिथं होता.

यावर आपल्या परंपरेचं उत्तर जुनं आहे. धवलाकार वीरसेनांनी ही शंका स्वतःच उपस्थित केली आणि तिचं निरसनही केलं. शंका विचारणं पाप नाही, एवढं तरी यातून शिकावं. आपलं उत्तर असं : इथली 'मनुष्यिणी' ही भावस्त्री. म्हणजे आतला भाव स्त्रीचा, शरीर पुरुषाचं. तिला मोक्ष आहे. शरीरानं स्त्री, ती द्रव्यस्त्री, तिला नाही.

बायांनो, हे वाक्य पुन्हा वाचा. मन बाईचं असलं तरी चालतं. भाव बाईचा असला तरी चालतो. बाईपणातलं जे काही आतलं आहे, ते मोक्षाच्या आड येत नाही. आड येतं ते फक्त मांस आणि हाडं. जीव आणि पुद्गल वेगळे म्हणणाऱ्या धर्मात जिवाचं भवितव्य पुद्गलाच्या घडणीवर सोपवल्याचं इतकं उघड उदाहरण मला दुसरं माहीत नाही. मेंदू म्हणजेच माणूस म्हणणाऱ्या भौतिकवाद्याला आपण हसतो. तो बिचारा निदान सगळ्यांना एकच माप लावतो. आपण आत्म्याचं माप पुरुषाला लावतो आणि शरीराचं बाईला.

कुणी म्हणेल, शरीर हे निमित्त आहे; खिडकी लहान असेल तर उजेड कमी येणारच. ठीक. मग सांगा, बाईच्या खिडकीतून नेमकं काय आत येत नाही? केवलज्ञान तर इंद्रियांच्या मदतीवाचूनच होतं. सम्यग्दर्शन तिला होतं, हे तुम्हीही मानता. पाचव्या गुणस्थानापर्यंत तुम्ही तिला येऊ देता. पण व्रत घेतलेला सिंहही पाचव्यापर्यंत येतो. म्हणजे आयुष्यभर केशलोच, उपवास, पायी विहार करणाऱ्या आर्यिका माता आणि तो सिंह एकाच पायरीवर थांबतात. सिंहाबद्दल मला आदर आहे. पण हा हिशेब आर्यिका मातांसमोर उभं राहून मोठ्यानं म्हणून दाखवा.

शेवटचा आक्षेप सगळ्यात गोड असतो. "ताई, या काळात इथून मोक्ष कुणालाच नाही. जंबूस्वामींनंतर दार बंदच आहे. मग भांडण कशाला?" मी म्हणते, म्हणूनच भांडण. मोक्षाचा निकाल तर आज लागणारच नाही. मग या सिद्धांतानं आज काय ठरतं? ठरतं ते एवढंच, की स्वाध्यायात पुढे कोण बसणार आणि चौक्यात घाम कोण गाळणार. मुनींचा आहार पहाटेपासून बायांनी सोवळ्यात शिजवायचा, आणि त्या आहारावर उभं राहून दिलेल्या प्रवचनात तिनं ऐकायचं की तुझा देह अपात्र आहे. दार दोघांनाही बंद आहे हे खरं, पण पाट्या दोन आहेत. त्याच्या पाटीवर लिहिलंय 'आज बंद', आणि तिच्या पाटीवर 'तुमच्यासाठी नाही'.

या पाटीचा परिणाम मी आमच्या पडवीत पाहते. सामायिक न चुकता करणारी, निम्मं 'तत्त्वार्थसूत्र' पाठ असलेली बाई म्हणते, "आपल्याला काय कळणार? पुढच्या जन्मी पुरुष होऊ, तेव्हा बघू." कथांमध्ये सती 'स्त्रीलिंग छेदून' स्वर्गात गेली असं वाचलं की बाया हात जोडतात. छेदून! जणू बाईपण म्हणजे गळू. आणि तिच्या शेजारी बसलेली दहा-बारा वर्षांची नात हे ऐकत असते. तिला शाळेत कुणी म्हटलं की मुलींच्या मेंदूला गणित झेपत नाही, तर आपण भांडायला जाऊ. पण धर्मात तिच्या आत्म्याला हाडं झेपत नाहीत असं म्हटलं की आपण "तथास्तु" म्हणून आरतीला उठतो. जी पोर आपला आत्मा दुय्यम देहात अडकलाय असं मानून मोठी होते, ती स्वाध्यायाचं पुस्तक उघडेल कशासाठी?

महावीरांच्या संघात मुनींपेक्षा आर्यिकांची संख्या दुपटीहून अधिक होती, असं आपले ग्रंथ सांगतात. चंदना त्यांची प्रमुख होती. त्या हजारो जणी पुढच्या जन्माची वाट पाहत बसल्या नव्हत्या. त्यांनी आहे त्या देहात, आहे त्या दिवशी घर सोडलं.

मला शास्त्र फाडायचं नाही. शास्त्रातच दोन्ही आवाज आहेत. एकाला बस्तीत जागा मिळाली, दुसरा ताम्रपटात आणि ताडपत्रात पडून राहिला. तो वाचायला हवा, आणि आपणच वाचायला हवा. दशलक्षणात पंडितजी एकवीस ग्रॅम काढतील तेव्हा विचारा, "वजन असेल ते पुद्गल ना?" संहनन काढतील तेव्हाही तोच प्रश्न विचारा, "हाडं पुद्गल ना?" आवाज चढवू नका, पंडितजींचा मान राखूनच विचारा. पण उत्तर मिळेपर्यंत सतरंजी सोडू नका. आणि घरी, निदान मुलींच्या देखत, "पुढच्या जन्मी पुरुष होऊ" हे वाक्य आजपासून बंद करा. पाठशाळेत आपण तिला सांगतो की तू जीव आहेस, जाणणारी, पाहणारी. ते तिला खरं वाटू द्या.